पास्कू, तेल बदलू की नको?

पास्कू,

तू गेल्यापासून माझ्याशी कोणी भांडलेलं नाही. घरात सगळे हळू बोलतात. चहात साखर कमी पडली म्हणून मी कुरकुरलो, तर सुनंदाने मुकाट्याने चमचाभर आणून घातली. एरवी तिने बायकोच्या हक्काने मला माझी शुगर ऐकवली असती. नाक्यावरच्या दुकानात गेलो की बाकावरची माणसं सरकून जागा देतात. शेजारी गेला, दोस्त गेला, वाईट झालं, म्हणतात. मग कोणीतरी विचारतं, तुम्ही दोघं रोज एवढं काय बोलायचात हो?

खरं उत्तर दिलं तर हसतील. गवत कापायच्या मशिनातलं तेल वेळच्या वेळी बदलायला हवं की नको, हे बोलायचो. इतकी वर्षं तेच. बाकी आपल्यात जे काही झालं, ते त्या बोलण्याच्या कडेकडेने झालं.

तू जहाजाच्या इंजिनखोलीत ऑइलर होतास, मी बस डेपोच्या वर्कशॉपात फिटर. दोघांचीही हयात तेलात गेली, पण शाळा वेगळ्या. माझ्या शाळेत गाडी ठरल्याएवढी धावली की तिचं तेल काढायचं आणि नवं घालायचं. ते चांगलं दिसतंय की वाईट, हे विचारायचंच नाही. तुझ्या शाळेत तेल फेकणं म्हणजे पाप. मोठ्या जहाजाचं इंजिन वर्षानुवर्षं त्याच तेलावर चालतं, तू सांगायचास. एका यंत्रात ते गरगर फिरवून त्यातला गाळ आणि पाणी बाहेर काढतात, कमी झालं तेवढं वरून घालतात.

"तेल झिजणा नाय रे," तू म्हणायचास. "तेल मळता. मळलेल्या माणसाक आंघोळ घालतत, फेकून देतत काय?"

"मगे ह्या बारक्या इंजनात न्हाणी खंय आसा ती दाखव," मी म्हणायचो.

की झालं सुरू.

हे मशीन आपल्या गावात आलं ते एस्परान्समुळे. हे मी दुकानात सांगत नाही. तुला मात्र सांगतो, कारण त्या दिवसाबद्दल आपण दोघं नंतर कधी बोललो नाही.

एस्परान्स, तुझी बायको, गेली तेव्हा तू भर समुद्रात होतास. निरोप पोचला, पण जहाज किनाऱ्याला लागायला अवकाश होता. तिला मातीत ठेवताना आल्विन, तुझा एकुलता एक मुलगा, माझ्या शेजारी उभा होता. नुकता कॉलेजात गेलेला. मी तोवर तुमच्या सिमेट्रीच्या फाटकातून आत कधी गेलो नव्हतो. काय करायचं, कधी हात जोडायचे, मला काही ठाऊक नव्हतं. तुझी थोरली बहीण लुसीबाय माझ्याजवळ आली, माझ्या ओंजळीत माती दिली आणि म्हणाली, "ही पास्कूची म्हणान तू घाल." मी घातली.

तू आलास तो पावसाळा सरताना. बॅगा ओट्यावर टाकल्यास आणि थेट माझ्या दारात आलास. पायात परदेशातले बूट, अंगात इस्त्रीची पँट. "चल, माका दाखव," एवढंच म्हणालास.

सिमेट्रीत गवत कमरेएवढं झालेलं. पावसाळ्यात तिकडे कोण फिरकतं? भिंतीकडून दुसरी रांग हे मला पक्कं आठवत होतं, पण रांगाच दिसत नव्हत्या. लाकडाचा खूण म्हणून लावलेला क्रूस वाळवीने खाऊन आडवा झालेला. आपण दोघं ओल्या गवतात गुडघ्यांवर बसलो आणि हातांनी ते बाजूला सारत सरकत राहिलो. शेवटी तुझ्या हाताला चिऱ्याची कड लागली. तू ती चाचपत चाचपत चारही बाजूंनी फिरलास. मग बसलास आणि माझ्याकडे बघून विचारलंस, "हिच्यार इतक्या गवत कित्या?"

रागाने नव्हे. खरंच कळत नसल्यासारखं विचारलंस. अजूनही तो प्रश्न माझ्या कानात आहे. पाऊस पडला, गवत उगवलं.

पुन्हा तू जहाजावर गेला नाहीस. त्या वर्षी कोयत्याने तेवढीच एक जागा साफ केलीस. दुसऱ्या वर्षी गोव्याहून ते मशीन घेऊन आलास, चाकांवर ढकलायचं, पेट्रोलवर चालणारं. लोक तुला हसले. लॉन खंय आसा रे तुझा, म्हणाले. तू कोणाला काही सांगितलं नाहीस. नोव्हेंबरच्या सुरुवातीला तुमचा मृतांचा दिवस येतो, त्याच्या आधी अख्खी सिमेट्री कापून काढलीस. फक्त तिची नव्हे, सगळ्यांची. ज्यांचं गावात कोणी उरलं नाही त्यांचीसुद्धा.

मी त्यात आलो तो निवृत्तीनंतर. ही गोष्टही मी तुझ्या तोंडावर कधी काढली नाही. डेपो सुटल्यावर मी सकाळी अंघोळ करून, कपडे करून ओट्यावर बसायचो आणि जायचं कुठेच नसायचं. मुलगा पुण्याला, त्याला फोन केला तर तो मीटिंगमध्ये. सुनंदा घरात काम करत असायची आणि मी तिच्या पायात यायचो. दिवस मोठा, फार मोठा वाटायचा. जेवण जायचं नाही. एकदा विहिरीच्या काठावर बराच वेळ उभा राहिलो होतो. सुनंदाने हाक मारली म्हणून मागे फिरलो. ते तिने तुला सांगितलं होतं की तू कुंपणापलीकडून पाहिलंस, ते मला माहीत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तू मशीन ढकलत माझ्या अंगणात आलास.

"सुधाकर, ह्येचो प्लग काढून दी. माका येणा नाय."

जन्मभर इंजिनखोलीत काढलेला माणूस, आणि त्याला स्पार्क प्लग काढता येत नाही! मला तेव्हा ते सुचलंच नाही. मी पाना घेऊन बसलो. प्लग काढला, घासला, बसवला. मग म्हटलं, आता उघडलंच आहे तर तेल बघू. तेल मोजायची दांडी काढली. तेल काजळासारखं काळं.

"अरे मेल्या," मी म्हणालो, "ह्या तेल बदलूक नको?"

"कित्याक?" तू म्हणालास.

त्या दुपारी मी पोटभर जेवलो.

पहिल्या वर्षी मी ऐकलं नाही. तुझ्यासमोरच मशीन कुशीवर टेकवलं, जुनं तेल बाहेर काढलं, नवं घातलं. तू भिंतीला टेकून बघत होतास. मी हात पुसायला वळलो तेवढ्यात तू तेल मोजायची दांडी काढलीस, खिशात घातलीस आणि चालता झालास. दांडीशिवाय मशीन चालवलं तर सगळं तेल भोकातून बाहेर उडणार. आठवडाभर मशीन माझ्या अंगणात पडून. मी तुझ्या घरावरून जाताना मान वळवायचो नाही, तूही ओट्यावरून हाक मारायचा नाहीस. मग एका सकाळी तू पेडवे मासे घेऊन आलास, सुनंदाच्या हातात दिलेस, आणि त्या पुडक्यावरच कागदात गुंडाळलेली दांडी. "घोवाक सांग," तू तिला म्हणालास, "पुढल्या वर्साक माका इचारल्याबगर हात लायलो तर प्लग पण न्हेतलंय." ती हसून हसून पडवीत बसली.

मग तू तुझी न्हाणीच तयार केलीस. आठवतं? काढलेलं तेल फेकायचं नाही म्हणून हट्ट धरलास. एस्परान्सची कॉफीची गाळणी, त्यात कापूस, त्यावर जुन्या बनियनचं फडकं. तेल त्यातून थेंब थेंब उतरायला लागलं ते लुसीबायचं जेवण होऊन, भांडी होऊन, झोप काढून झाली तरी वाटीभरही नाही. "जहाजार ह्याच काम बगूक माणूस ठेवलेलो असता," तू म्हणालास. "हय पण ठेवलेलो आसा, बसलो आसा बग," लुसीबाय म्हणाली. गाळलेलं तेल तू बोटावर घेतलंस, अंगठ्याने चोळलंस, वास घेतलास आणि माझ्यापुढे हात केलास. मीही चोळलं. बरं होतं, खोटं कशाला बोलू. कचकच लागत नव्हती. पण रंग काळाच होता. तू म्हणालास काळेपणा म्हणजे काम केल्याची खूण. मी म्हणालो काळेपणा म्हणजे त्यात काजळी आहे, आणि कापसातून काजळी गळत नाही. दोघांचंही खरं असावं. तिथेच आपण थांबायला हवं होतं, तर तू म्हणालास, "बशीचो फिटर तू. तुका तेलाचो जीव काय कळतलो!" त्यावर मी जहाजाबद्दल काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही.

असं प्रत्येक वर्षी. गंमत म्हणजे मशिनाने कोणाचीच बाजू घेतली नाही. मी बदललं त्या वर्षी ते नीट चाललं. तुझं ऐकून वरूनच घातलं त्या वर्षीही नीट चाललं. एकदा मध्येच धूर टाकायला लागलं तर मला आनंद झाला. तू बघितलंस, आणि एअर फिल्टर गवताच्या भुश्याने चोंदलेला निघाला. तेलाचा काही संबंध नव्हता. तुला केवढा आनंद!

एकदाच तू मला समुद्रातल्या त्या दिवसाचं सांगितलंस. काम संपवून आपण सिमेट्रीच्या भिंतीच्या सावलीत बसलो होतो. मशीन तापलेलं, आपण घामाने भिजलेले. तू पाण्याची बाटली तोंडाला लावलीस, खाली ठेवलीस, आणि म्हणालास, "निरोप इलो तेवा मी तेल साफ करूच्या मशिनापाशी ड्युटीवर होतंय. साहेब म्हणालो, वर जा, पड जरा. मी गेलंय नाय. तेल फिरत होता. माका वाटला, ह्या थांबला तर मी पडतलंय."

मी बाटलीचं टोपण लावलं. मग उठलास, पँटीचं गवत झटकलंस आणि म्हणालास, "तुमचा हिंदूंचा बरा. जाळलास की झाला. गवत कापूचा लागणा नाय." मी म्हटलं, "आमची राख खंय गेली ता पण कळणा नाय." त्यावर तू मशीन ढकलत घराकडे निघालास. तुझं उत्तर मला हवं होतं, पास्कू. राख गेलेली बरी की जागा राहिलेली बरी? तू दोन्हीचा विचार केलेला माणूस. आता कोणाला विचारू?

यंदा पाऊस लांबला आणि तुझा खोकला त्याच्याही आधीपासून होता. चतुर्थीला आमच्याकडे आलास तेव्हा पायऱ्या चढून आलास आणि खांब धरून उभाच राहिलास. गणपतीकडे बघत होतास असं सगळ्यांना वाटलं. मी तुझ्या गळ्याची शीर बघत होतो, कशी उडत होती ती. मोदक हातात घेतलास आणि रुमालात बांधलास, लुसीबायक व्हरतंय म्हणालास. तुला गिळवत नव्हतं.

मग ओरोसचं सरकारी हॉस्पिटल. डॉक्टरांनी लुसीबायला आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, फुप्फुसं आखडली आहेत, जितके दिवस आहेत तितके. त्यांनी वाईट काही केलं नाही, सरळ सांगितलं. आल्विन आता तुझ्यासारखाच जहाजावर, प्रवासी जहाजाच्या स्वयंपाकघरात. त्याने फोनवर विचारलं, "काका, येऊ काय मी? पुढच्या बंदरावर उतरून?" त्याला ये म्हटलं. तो निघायची खटपट करत होता. तू ऐकत होतास. डोळे मिटून म्हणालास, "त्येका पोचूक गावचा नाय." तुला ते ठाऊकच होतं. ती वाट तू चालून आलेला होतास.

मी एक दिवसाआड बसने येत होतो. त्या दिवशी तुझ्या तोंडावर मास्क होता, तो हाताने खाली ओढून तू म्हणालास, "गवत वाढला असतला."

"वाढला. कापूया दोघांनी. तू ये घराक."

"मशीन बघलंस?"

"बघलंय. पयल्या ओढीत लागला."

तू छताकडे बघत राहिलास. मग म्हणालास, "सुधाकर, यंदा तेल बदल."

पास्कू, मला आधी नीट ऐकू आलं नाही असं वाटलं. इतक्या वर्षांत हे वाक्य तुझ्या तोंडून यावं म्हणून मी काय काय केलं होतं! जुन्या तेलाची बाटली उन्हात धरून दाखवली, मशिनाचं पुस्तक वाचून दाखवलं, डेपोतल्या दोन साक्षीदारांना चहाला बोलावलं. आणि आता ते आलं तर मला ते नको होतं. मी कॉट धरून खाली वाकलो.

"कित्याक?" मी म्हणालो. "तेल बरा आसा. मी चोळून बघलंय. वरसून घातला की झाला."

"नाय रे. तुझाच बरोबर. ल्हान इंजन ता. त्येका गाळणा नाय, काय नाय. बदल."

"जहाजार खंय बदलत होतंस? तूच सांगत होतंस मां? तेल झिजणा नाय, मळता. आता काय झाला?"

मी तुझी बाजू घेऊन तुझ्याशी भांडत होतो. शेजारच्या कॉटवरचा माणूस मान वळवून बघायला लागला. मला पर्वा नव्हती. तू एकदा, फक्त एकदा, "तुका काय कळता, बशीच्या फिटरा" म्हणावंस म्हणून मी बोलत सुटलो होतो. तू थकून माझ्याकडे बघितलंस आणि म्हणालास, "जहाजार माणसां असतत रे. सारखी बगणारी."

आणि मास्क वर घेतलास.

परतीच्या बसमध्ये मी खिडकीशी बसलो होतो. कंडक्टर ओळखीचा, त्याने विचारलं, कसे आहेत पास्कू? मी म्हटलं, गेला. तो दचकला. तू अजून गेला नव्हतास. पण मला तिथेच कळलं होतं, त्या वाक्याला. तू भांडण सोडलंस, त्याच्यापुढे डॉक्टरांचं सांगणं काहीच नव्हतं.

दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात तू गेलास आणि तुला गावी आणलं. आल्विन कुठल्याशा विमानतळावर पोचला होता, पुढचं विमान मिळत नव्हतं. त्याच्यासाठी थांबावं म्हणून लुसीबाय रडत होती, पण फादर आणि सगळे म्हणाले, किती थांबणार. शेवटी फोनवर दाखवायचं ठरलं. फोन माझ्या हातात दिला. सिमेट्रीत गवत कोणी कापलेलं नव्हतं, कोण कापणार? खांदेकरी ओल्या गवतातून पाय उचलून उचलून चालले, आणि त्यांच्या मागे तुडवलेल्या गवताची वाट पडत गेली. आल्विन सारखा म्हणत होता, "काका, जरा खाली धरा. काका, पप्पाचो चेहरो." मी खाली धरला, हात लांब केला. पेटी खाली उतरायला लागली आणि पडद्यावर आल्विनचं तोंड थिजलं, अर्धं उघडं. तिथे रेंज जाते ते आपल्याला ठाऊक होतं की रे. मला आठवलं नाही. फोन बंद पडलाय हे कळत असूनही मी तो तसाच धरून उभा राहिलो, प्रार्थना संपेपर्यंत, माती पडेपर्यंत. खाली घ्यायचं धैर्य झालं नाही. लुसीबायने या वेळी माझ्या हातात माती दिली तेव्हा कोणाची म्हणून घाल ते सांगितलं नाही. माझा एक हात फोनला गुंतलेला. एका मुठीत मावली तेवढी घातली.

आल्विन पोचला तेव्हा सगळं आटोपलेलं. मला म्हणाला, "काका, माका शेवटाक काय दिसला सांगू? तुमची बोटां." तो आठवडाभर राहिला आणि परत गेला. करार आहे, त्याला जावंच लागलं. जाताना मशीन माझ्या अंगणात आणून ठेवलं त्याने. मोठा झालाय, चालतो तुझ्यासारखा, टाचा घासत.

मग मशीन आणि मी. बरेच दिवस त्याच्या जवळ गेलो नाही. सुनंदा झाडताना त्याच्या भोवतीने झाडायची. तुमचा मृतांचा दिवस जवळ आला तसं मला बसवेना. नव्या तेलाचा डबा घरात होताच, दरवर्षी मी आणून ठेवायचो, वापरलं जावो न जावो. तू बदल म्हणाला होतास. बदललं तर तू हरलास यावर शिक्का बसतो. नाही बदललं तर तुझं शेवटचं सांगणं मोडतं. असा मी कधी कात्रीत सापडलो नव्हतो. सकाळची उन्हं अंगणात आली तेव्हा मशीन कुशीवर टेकवलं आणि तेल काढलं. बोटावर घेतलं, चोळलं. उन्हात धरलं तर त्यात झिजलेल्या धातूची चमक आहे असं वाटे, सावलीत धरलं तर नाही. पुन्हा पुन्हा करून बघितलं. माझे डोळेही आता भरवशाचे नाहीत. तुझे हवे होते. तू बघून ठाम काहीतरी सांगितलं असतंस, मग मी त्याच्या उलट बोललो असतो, आणि माझं मत काय ते मला कळलं असतं.

नवं घातलं. दोरी ओढली. इंजिन लागलं, आणि पास्कू, आवाज खरोखर मऊ आला. मी इतकी वर्षं तेच सांगत होतो आणि तू म्हणायचास, तो आवाज तुझ्या कानात आहे, मशिनात नाही. मी इंजिन चालू ठेवून उभा राहिलो. कुंपणापलीकडे तुझा ओटा रिकामा. लुसीबाय दारात आली, आवाज ऐकून आली असणार, आणि माझ्याकडे बघून आत गेली.

मशीन ढकलत सिमेट्रीच्या फाटकाशी पोचलो तर आतून आवाज येत होता. फादरनी दोन माणसं लावली होती, खांद्याला अडकवायची मशीनं घेऊन. माझं वय बघून लावली असतील, चांगल्याच हेतूने. एक तिकडच्या रांगेत, एक आपल्या. लांब दांडीच्या टोकाला पातं फिरत होतं आणि गवत असं पडत होतं की आपण दोघं आठवडाभर घाम गाळत होतो ते आठवून मला लाज वाटली. त्यांतला एक पेट्रोल भरायला फाटकाशी आला. चाळिशीतला, कामाचा माणूस. आपलं मशीन बघून हसला नाही, उलट म्हणाला, "काका, ह्या बरा जपलास."

मला राहवलं नाही. विचारलं, "तुझ्या मशिनाचा तेल कधी बदलतंस?"

"ह्येका बदलूक काय नसताच. पेट्रोलातच मिसळून घालूचा. जळान जाता."

"आणि साठत नाय? काळा होऊक?"

"साठात खंय? टाकीच नाय त्येका." तो टोपण लावून उठला आणि गेला.

म्हणजे विषयच संपला होता रे. आपण ज्यावर आयुष्याची अखेरची वर्षं घालवली तो प्रश्नच नसलेली मशीनं निघाली होती, आणि ती आपल्या सिमेट्रीत फिरत होती. मी आत गेलो. तुझ्या मातीवर अजून गवत नाही, लाल ओला ढिगारा आहे नुसता, एस्परान्सच्या बाजूला. त्यांच्या पात्याने उडालेलं बारीक गवत त्यावर सगळीकडे चिकटलं होतं. मी वाकून वेचायला लागलो. ते पुन्हा उडून येत होतं. थोड्या वेळाने कंबर राहीना म्हणून सोडून दिलं आणि आपलं मशीन ढकलत परत आलो. एक पट्टाही कापला नाही.

मेणबत्त्यांच्या दिवशी सुनंदा आणि मी गेलो, लुसीबायच्या सोबतीने. लुसीबाय तुझ्या बाजूला बसून गुणगुणत होती. मी मेणबत्ती वाऱ्याआड धरून उभा होतो. घरी येऊन जेवायला बसलो. सुनंदाने भात वाढला, आमटी वाढली. माझ्याशी काहीतरी बोलावं म्हणून, मला बरं वाटावं म्हणून म्हणाली, "मशीन आता बरा चलता ना? माका आवाज इलो तेवाच कळला. म्हणजे शेवटाक तुमचाच खरा झाला."

मी ओरडलो तिच्यावर. इतक्या वर्षांत मी तिच्यावर असा आवाज चढवला नव्हता. "नाय! तेचा बरोबर होता!" आणि तुझी कारणं सांगायला लागलो. तेल झिजत नाही, मळतं. जहाजाचं इंजिन वर्षानुवर्षं त्याच तेलावर चालतं. काळेपणा ही कामाची खूण आहे. बदललं त्या वर्षी चाललं तसंच न बदललं त्या वर्षीही चाललं, मग बदलून काय साधलं? आवाज मऊ येतो तो माणसाच्या कानात. एकामागून एक, तुझ्याच शब्दांत, तुझ्यासारखं बोट नाचवत. ती समोर बसून ऐकत होती. तिने एकदाही नाही म्हटलं नाही. हातातला भात सुकला.

मग कारणं संपली. मी थांबून वाट बघितली. तू आणखी एखादं काढायचास नेहमी, मी हरत आलो असं वाटलं की मला डिवचायला आणि मी जिंकत आलो की मला अडवायला. ते मला येईना. खूप आठवून बघितलं, पास्कू. पुढचं येईना.